सिमरूची ओळ आन् रुद्रप्पाची चंची

रुद्रप्पा म्हंजे आमच्या चंद्रव्वाचा नवरा. शिकलेला चौथी, तीबी कानडी शाळेत. पण हात असा की सोलापूरच्या धान्य बाजारात तसला हात दुसऱ्या कुणाला न्हवता, असं जुनी माणसं सांगायची. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठ भरून वर काढायची, अंगठ्यानं दाणं चाळवायचं आन् सांगायचं, ही मंगळवेढ्याकडची ज्वारी, ही बार्शीकडची, हिच्यात खाली मुरमाडावरची मिसळलीया. डोळं झाकून सांगायचा. मापं घालताना पैलं माप पडलं की ‘एक’ म्हणायचा न्हाय, ‘लाभ’ म्हणायचा. लाभ, दोन, तीन, चार. बापाकडनं आलेलं.

बहात्तरच्या दुष्काळात बाजारात ज्वारीच येईना. माणसं नुसती पोत्यावर बसून ऱ्हायची. तवा कुणाच्या तरी ओळखीनं रुद्रप्पा एका कॉलेजात शिपाई लागला, झाडांच्या खात्यात. चंद्रव्वाला लई बरं वाटलं. सावलीतलं काम, पोती उचलायची न्हाईत, धुळीनं खोकायचं न्हाय. तिनं त्या दिवशी हुग्गी केली, गूळ घालून गव्हाची खीर. पुढं कधीबी हुग्गीचा विषय निघाला की ती उठून आत जायची.

त्या खात्यात कुंडलिक सर हुते. माढ्याकडच्या शेतकऱ्याचं पोर, तिशीतलं, जाड चष्मा, पायात कायम त्याच चपला. त्यांचं पीएचडीचं काम चाललेलं. हिमालयात लई वर, जितं मोठी झाडं संपत्यात आन् बर्फ सुरू हुतंय, तितं एक झुडूप उगवतंय. तिकडचं लोक त्याला सिमरू म्हणत्यात. फुलं जांभळट, कुटं पांढरी. पान चामड्यागत जाड, आन् पानाच्या पाठीला तांबूस लव, घोंगडीला असती तशी. खाली असतंय ते झुडूप पुरुषभर, पानं तळहाताएवढी, लव पातळ. वर चढंल तसं ते बसकं हुत जातंय, पान बोटाएवढं, लव दाट. आता काही जाणती माणसं म्हणायची ही तीन निराळी झुडपं हायेत, तीन नावं द्या. काही म्हणायची एकच हाय, उंचीवर रूप बदलतंय. सरांना ह्याचा निकाल लावायचा हुता. तीन वर्सं मे-जूनच्या सुट्टीत ते तिकडं गेले आन् फांद्या कागदात दाबून, वाळवून, बोचकी बांधून आगगाडीनं सोलापूरला आणली.

रुद्रप्पानं डोंगर बघितलेला तो तुळजापूरचा घाट, आन् बर्फ बघितलेलं ते रसाच्या गाड्यावरचं. पण सरांकडनं त्यानं लवेचं ऐकलं हुतं. बोचकी सुटली तसा त्यानं एक पान उलटं केलं, पाठीवरनं अंगठा फिरवला आन् म्हणला, सर, हे खालचं दिसतंय. सरांनी चिठ्ठी बघितली. खरंच खालचं हुतं. त्या दिवसापासनं सरांनी त्याला झाडलोट लावली न्हाय. मागच्या खोलीत बसवलं.

ती खोली कॉलेजच्या पार मागं, एकच खिडकी, तीबी बंद. भिंतीला कपाटं. तितं फांद्या टिकवायचं काम चालायचं. वाळलेली फांदी पैल्यांदा विषात बुडवायची, मग सुकवायची, मग जाड कागदावर दोऱ्यानं शिवायची, कोपऱ्यात चिठ्ठी डकवायची, कुटं सापडली, किती फूट उंचीवर सापडली. विषात न्हाय बुडवली तर वर्सात कीड लागून भुगा हुतोय. विष म्हंजे पाऱ्याची पांढरी पूड, स्पिरिटात विरघळवलेली. जुनी वैद्य माणसं रसकापूर म्हणायची ती. बाटलीवर कवटी काढलेली. दिसायला साध्या पाण्यासारखं. लोखंडाचा चिमटा ते खाऊन टाकतंय म्हणून सरांनी लाकडाचा दिलेला, पण लाकडाच्या चिमट्यानं पानं मोडायची. रुद्रप्पाला पान मोडलेलं सोसायचं न्हाय. तो हातानंच बुडवायचा.

सरांनी बजावलेलं. ह्या खोलीत खायचं न्हाय, प्यायचं न्हाय, हात साबणानं धुतल्याबिगर डबा उघडायचा न्हाय. रुद्रप्पानं चार वर्सं हा नेम एकदाबी मोडला न्हाय. डबा बाहेर लिंबाखाली खायचा. मनगटापर्यंत तीनदा हात धुवायचा. पाण्याचा तांब्यासुद्धा उंबऱ्याच्या आत आणायचा न्हाय.

आन् कमरेला चंची. चंद्रव्वानं खणाच्या तुकड्याची शिवलेली, एका कप्प्यात तंबाखू, दुसऱ्यात चुन्याची डबी. बाजारातली जुनी सवय. तासाला एकदा डाव्या तळहातावर चिमूट घ्यायची, चुना लावायचा, उजव्या अंगठ्यानं मळ मळ मळायची, दोन थापट्या, ओठाआड. चंची रोज सकाळी चंद्रव्वाच भरायची. डबा आन् चंची, दोन्ही बरोबरच हातात द्यायची.

पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात रुद्रप्पा जेवता जेवता म्हणला, भाजीत तांब्याची चव येतीया. चंद्रव्वानं भांडं बघितलं, कल्हई बघितली, कल्हईवाल्याला बोलवून सगळी भांडी परत कल्हई करून घेतली. चव गेली न्हाय. मग तोंडाला पाणी सुटायला लागलं. झोपेत उशी भिजायची. मग एक दिवस आरशात बघून म्हणला, हिरडीवर निळी रेघ कसली उमटलीया बघ. पेन चावला असंल, ती म्हणली. तो हसला, म्हणला, मी कवा पेन धरला गं.

लिंगायताच्या गळ्यात इष्टलिंग असतंय, चांदीच्या डबीत. रुद्रप्पाची डबी त्याच्या आज्याची. बोलता बोलता तिच्यावर बोटं फिरवायची त्याला खोड हुती. त्या डबीवर पांढुरके डाग पडले. चंद्रव्वानं राखेनं घासले, चिंचेनं घासले. डाग काळे पडले, गेले न्हाईत.  डबी तिनं शेजारी कुणाला दाखवली न्हाय.

त्याच सुमाराला अक्कलकोटाकडनं रुद्रप्पाची थोरली बहीण आली, सावित्रम्मा. तोंडानं तिखट. भाऊ वाळलेला बघितला तशी चंद्रव्वाला म्हणली, माझ्या भावाला जेवू घालतीस का नुसता वास देतीस?  चंद्रव्वा म्हणली, घास दाताखाली धरवत न्हाय त्यांना, दात हलत्यात. सावित्रम्मा म्हणली, मग तंबाखू तरी जास्त देत जा, तंबाखूनं हिरडी बधिर हुती, दुखणं कळत न्हाय. खरंच रुद्रप्पाला तंबाखू धरली की बरं वाटायचं. दुसऱ्या दिवसापासनं चंद्रव्वा चंची दाबून भरायला लागली.

एकदा सर घरी आले, चहाला. बोलता बोलता म्हणले, तिकडं धनगर शेळ्यांना सिमरूकडं फिरकू देत न्हाईत. पान खाल्लं की शेळी तोंडाला फेस येऊन मरती. सर सहज बोलून गेले. 

चंद्रव्वाला वाटलं, सापडलं. हे झुडूपच जहरी हाय. चार वर्सं नवरा ह्या झुडपाची पाठ चोळतोय, त्यानंच त्याला धरलाय. त्या दिवसापासनं तिनं घरात पहारा बसवला. कॉलेजातली कापडं अंगणातच उतरायची. लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळ. पान न्हाय, फांदी न्हाय, पानाचा कपटासुद्धा उंबऱ्याच्या आत यायचा न्हाय. तो ऐकायचा बिचारा. अंगणात उघडा उभा ऱ्हायचा थंडीत, ती वरनं पाणी ओतायची, आन् आतल्या खुंटीला चंची तशीच टांगलेली असायची.

काम सोडा, ती म्हणायची. आपण परत बाजारात जाऊ. आता पाऊसपाणी बरं हाय, ज्वारी येतीया.

रुद्रप्पा म्हणायचा, ओळ लागू दे.

ही ओळ काय ते सांगायला पायजे. शहात्तरच्या दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज रिकामं हुतं. सरांनी तोवर सगळ्या फांद्या पुस्तकात हुत्या तशा तीन गठ्ठ्यात लावलेल्या. मोठ्या पानाचं एक नाव, मधल्याचं दुसरं, बारीक पानाचं तिसरं. रुद्रप्पाला ते गठ्ठं पटत न्हवतं, पण बोलणार कसा? शेवटी म्हणला, सर, सुट्टी हाय तर एकदा बाहेर व्हरांड्यात मांडून बघू का? नावं बाजूला ठिवून, नुसती फुटानं. खालचं खाली, वरचं वर.

सर म्हणले, मांडा. त्यांना वाटलं म्हाताऱ्याची हौस. म्हातारा कसला, पंचेचाळीसच्या आत हुता, पण तसा दिसायला लागलेला.

त्या लांब व्हरांड्यात रुद्रप्पानं तीनशे सत्त्याऐंशी कागद एका ओळीत मांडले. लाभ, दोन, तीन, करत. दीड दिवस लागला. मग सरांना म्हणला, डोळं झाकून माझ्या खांद्यावर हात ठिवून चला. मी पानाची पाठ दाखवतो तितं बोट लावायचं. सर हसले पण चालले. वाकायचं, बोट लावायचं, पुढं सरकायचं. ओळीच्या शेवटाला रुद्रप्पानं विचारलं, आता सांगा, कुटं तोडायचं? एक संपून दुसरं कुटं सुरू झालं?

सर दोनदा मागं जाऊन परत बोट लावत आले, तोडायची जागा सापडंना.

रुद्रप्पा म्हणला, काळ्या रानातली मालदांडी आन् मुरमाडावरली मालदांडी शेजारी ठिवली तर कुणीबी म्हणंल ह्या दोन ज्वाऱ्या हायेत. पण मधल्या सगळ्या रानातली मूठ मूठ आणून मांडली तर दोन न्हाईतच. माळ उतरत जातोय तसा दाणा उतरत जातोय. बांध माणसानं घातलाय सर, दाण्यात बांध न्हाय.

सर चिडले. तीन नावांवर त्यांचं चार वर्साचं लिहिणं उभं हुतं. म्हणले, हे धान्य न्हाय रुद्रप्पा, शास्त्र हाय. आन् आत निघून गेले. पण सांजच्याला परत आले आन् एकटेच ओळीवरनं फिरत बसले. मग एका जागी थांबले. म्हणले, हितं मोठी फट हाय. साडेअकरा हजार फुटाच्या खाली हायेत, बारा हजाराच्या वर हायेत, मधलं पाचशे फूट रिकामं हाय. हितं काय असंल ते कुणाला ठावं? हितंच बांध असंल तर?

रुद्रप्पाला ते खरं वाटलं. त्या फटीतल्या फांद्यांचं बोचकं हुतं, पण वाटेत भिजलेलं, बुरशी धरलेलं, म्हणून कुणी सोडलंच न्हवतं. ते शेवटचं. ते सोडून, पुसून, वाळवून, त्या फटीत मांडलं की निकाल लागणार. मधल्या फांद्या दोन्हीकडच्या लवेला जुळल्या तर झुडूप एकच. न्हाय जुळल्या तर दोन.

तेवढ्यासाठी तो थांबला. चंद्रव्वाला म्हणला, हे बोचकं झालं की राजीनामा देतो. तिनं त्याच्याकडनं आज्याच्या डबीवर हात ठिवून शपथ घेतली.

पण सत्त्याहत्तरच्या संक्रांतीनंतर त्याचा हात कापायला लागला. तांब्या तोंडाला लावताना पाणी सांडायचं. सुईत दोरा घालायला तो चंद्रव्वाकडं यायचा, कागद घरी आणायची बंदी म्हणून नुसता सुई-दोरा आणायचा. एका दिवशी दहा सुया ओवून न्यायचा. मनानंबी बदलला. जन्मात कुणाला अरे न्हाय म्हणलेला माणूस, एकदा भाकरी कडक झाली म्हणून ताट फेकलं, आन् मग तासभर दाराआड लहान लेकरागत रडत बसला. माणसांसमोर यायला लाजायचा. कुणी आलं की परसात जाऊन उभा ऱ्हायचा.

फाल्गुनात एका दुपारी तो लवकर घरी आला. चंद्रव्वा सुपात ज्वारी निवडत बसलेली. तो समोर बसला, सुपातली मूठभर ज्वारी उचलली, अंगठ्यानं चाळवली. लई वेळ चाळवली. मग दाणं सुपात सोडून दिले.

म्हणला, “चंद्रव्वा, मला लागत न्हाय गं. बोटाला काहीच लागत न्हाय.”

तिला वाटलं, हा हात गेला म्हंजे ह्या माणसाचं काय ऱ्हायलं?

मग तो घाबरत घाबरत म्हणला, बोचकं वाळून तयार हाय. अजून विषात बुडवलेलं न्हाय. बेचाळीस फांद्या हायेत. तू येशील का? पंचवीस वर्सं तूबी दाणंच चाळवलेस, तुझं बोट आन् माझं बोट एकाच सुपातलं हाय.

ती न्हाय म्हणली. त्या झुडपाला मी शिवणार न्हाय. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डबा भरला, चंची भरली, आन् स्वतःच्या पायात चपला घातल्या. एकदाचं संपवून टाकू आन् माणूस घरी आणू, असा तिचा हिशेब.

त्या खोलीत ती पैल्यांदाच गेली. आत एक वास हुता, स्पिरिटाचा आन् त्याच्याखाली दुसरा कसला तरी, जुन्या नाण्यासारखा. कपाटाखाली मेलेली झुरळं, पंख पसरलेलं पाखरू, एक वाळलेली पाल. सगळं जितल्या तितं पडलेलं. रुद्रप्पा म्हणला, हितं झाडावं लागत न्हाय, कीड आत आली की मरतीच. जरा अभिमानानं म्हणला. तिच्या पिशवीतनं गुळाचा खडा खाली पडला हुता. ती तीस-एक फांद्या हुईस्तवर तितंच हुती, दोन तास, आन् त्या खड्याला मुंगी लागली न्हाय. सोलापुरात, चैत्राच्या तोंडावर, गुळाला मुंगी न्हाय. हे तिच्या मनात नुसतं आलं, तिनं ते पुढं नेलं न्हाय.

सरांनी स्टूल दिलं. ओळीतले फटीच्या अलीकडचं एक आन् पलीकडचं एक असे दोन कागद समोर ठिवले. ती अलीकडच्या पानाची पाठ चाचपायची, मग बोचक्यातलं पान, मग पलीकडचं. आन् सांगायची. हे खालच्याच्या जवळ. हे त्याच्या जरा वर. हे मधोमध. सर चिठ्ठीवरचे फूट वाचून बघायचे आन् वहीत टिपायचे. तिला चिठ्ठ्या वाचता येत न्हवत्या, म्हणूनच सरांना भरवसा. तिनं सांगितलेलं झालं की रुद्रप्पा ती फांदी घ्यायचा आन् कापऱ्या हातानं चिनी मातीच्या परातीतल्या विषाच्या पाण्यात बुडवायचा, उलटी करायचा, निथळायला ठिवायचा. हाताची कातडी नखापाशी करड्या रंगाची झालेली.

तीस-एक झाल्या तशा रुद्रप्पानं हात झटकले, धोतराला पुसले, भिंतीला टेकून बसला. कमरेची चंची काढली. डाव्या तळहातावर चिमूट घेतली. चुना घेतला. अंगठ्यानं मळायला लागला.

चंद्रव्वा बघत हुती. रोज घरात बघितलेलं, पंचवीस वर्सं बघितलेलं. पण आज तो तळहात अजून ओला हुता.

ती म्हणली, “हात धुतला न्हाय तुमी.”

तो म्हणला, “खातोय व्हय मी? तंबाखू तर हाय.”

आन् दोन थापट्या मारल्या.

सर वळले. त्यांनी त्याचा तळहात बघितला, मग ओठ बघितला, मग परातीकडं बघितलं.  त्यांनी विचारलं, रुद्रप्पा, ही रोजच हितं बसून मळता तुमी? तो म्हणला, रोज, तासाला एकदा, आता हिरड्यांमुळं जरा जास्त. मी पाण्याचा घोट घेतला न्हाय हितं सर, विचारा कुणालाबी. भाकरीचा तुकडा मोडला न्हाय.

 सर म्हणले, मी खाऊ नका म्हणलो, पिऊ नका म्हणलो. ते परत परत तेवढंच म्हणत ऱ्हायले.

चंद्रव्वानं पुढं हुऊन रुद्रप्पाच्या ओठातली तंबाखू स्वतःच्या बोटानं काढली. बाहेर नळावर नेऊन त्याचे हात घासले, स्वतःचे घासले, साबण सरंपर्यंत घासले. तो म्हणत हुता, अगं फांद्या ऱ्हायल्यात. दहा-बारा ऱ्हायल्यात.

त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तोंड बघितलं, हात बघितले, लघवी तपासली. त्यांनी विचारलं हे किती दिवस चाललंय, आन् चार वर्सं ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठिवला. एकदम गेलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं, म्हणले. चिमूट चिमूट गेलंय. इंजेक्शनं दिली. काही दिवस बरं वाटलं, थरथर कमी झाली, रुद्रप्पा चेष्टा करायला लागला. नर्सला म्हणायचा, बाई, सुई मी ओवून देऊ का. मग पाय सुजले, मग तोंड सुजलं. मूत्रपिंडं गेलेली.

उरलेल्या फांद्या चंद्रव्वानं केल्या. कुणी म्हणंल, असल्या कामाला परत गेली कशी. पण तो खाटेवरनं रोज तेच विचारायचा, फट भरली का. औषध न्हाय, जेवण न्हाय, फट भरली का. सरांनी त्या फांद्या खोलीच्या बाहेर, लिंबाखाली आणल्या. एका दुपारी बारा फांद्या. शेवटची ती फिरून फिरून चाचपत बसली. मग म्हणली, ही वरच्याच्या इतकी जवळ हाय की मला दोघीत फरक लागत न्हाय. सरांनी चिठ्ठी वाचली. अकरा हजार नऊशे ऐंशी.

ती तशीच दवाखान्यात गेली. त्याच्या कानाशी वाकून म्हणली, भरली. कुटंच तुटत न्हाय. सर म्हणले एकच नाव लिवणार.

रुद्रप्पानं डोळं उघडलं न्हाईत. चादरीवर त्याचा अंगठा बोटांवरनं फिरायला लागला, दाणं चाळवल्यागत. किती झाल्या, त्यानं विचारलं. ती म्हणली, बेचाळीस. तो म्हणला, म्हंजे चारशे एकोणतीस. आन् जरा थांबून म्हणला, लाभापासनं मोजल्यास न्हवं?

व्हय म्हणली ती. तिनं तसं मोजलं न्हवतं.

आठ दिवसांनी तो गेला. रुद्रभूमीत बसवून माती दिली, रिवाजाप्रमाणं. सर आले, लांब उभे ऱ्हायले, कपाळाला विभूती लावून घेतली आन् गेले. पुढं त्यांनी तीन नावं खोडून एकच नाव लिवलं. मागची खोली त्यांनी बंद करून घेतली आन् दारावर मोठ्या अक्षरात चार ओळी लिवल्या, त्यातली एक तंबाखूची. ती त्यांना चंद्रव्वाच्या ‘हात धुतला न्हाय’ ह्या बोलण्यातनं कळलेली.

तिसऱ्या दिवशी समाधीवर मेलेल्याच्या आवडीचं ठिवायचं असतंय. सावित्रम्मानं अक्कलकोटाहून येताना खास पानपट्टीवरची तंबाखू आणली हुती. हुग्गी ठिवली, केळं ठिवलं, चहाचा कप ठिवला. मग सावित्रम्मा म्हणली, चंची काढ, भरून ठिवूया, त्याशिवाय माझ्या भावाचा जीव शांत हुणार न्हाय. चार बायका म्हणल्या, व्हय व्हय, त्याची लई आवड हुती.

चंद्रव्वानं चंची आणली न्हवती. सावित्रम्मानं मग कागदाच्या पुडीतच तंबाखू बांधली आन् वाकून मातीवर ठिवली. चंद्रव्वा पुढं झाली, पुडी उचलली आन् पदरात घेतली. सावित्रम्मा म्हणली, मेल्यावर तरी दे गं त्याला. माणसं बघत हुती.  काय सांगणार, कुणाला? डबा आन् चंची, रोज सकाळी, स्वतःच्या हातानं.

ती पुडी तिनं वाटेतल्या ओढ्यात सोडली. घरी आल्यावर खुंटीवरनं चंची काढली, पालथी केली, झटकली. अंगणात भुगा पडला. ती तितंच उकिडवी बसली आन् बघत ऱ्हायली, मुंग्या त्या खोलीतल्या गुळागत ह्यालाबी टाळत्यात का ते.